दुसरं कडवं

बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि मग नव्हता. घडलं ते एवढंच. कुणी ओरडलं नाही, काही फुटलं नाही, माझ्या हातातल्या थाळीतली एक वडीसुद्धा घरंगळली नाही. ॲम्बॅसेडर साहेबांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी हात उचलला, तोच हात टायवरून खाली फिरवला आणि इंग्रजीत म्हणाले, "हे सगळं तिचं स्वतःचं डोकं, सर. मला काहीच माहीत नव्हतं. मुलांचं तुम्हाला ठाऊकच आहे." आणि हसले. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. जवाझातच्या, म्हणजे पासपोर्ट ऑफिसच्या खिडकीपाशी, चेकनाक्यावरच्या पोलिसापुढे, इकामा मागणाऱ्या कुणाहीपुढे बाबा ते हसू काढतात. घरात ते येत नाही, चपलांबरोबर दाराबाहेरच राहतं. त्या दिवशी ते माझ्याच डोक्यावरून समोर गेलं आणि मला वाटलं, मी मुलगी नाहीच, मी तो कागद आहे, ज्यातली चूक आपली नाही असं बाबा खिडकीतल्या माणसाला पटवून देतायत. खांद्यावर जिथं हात होता तिथं गार लागलं. फेब्रुवारी होता, आणि रियाधमध्ये फेब्रुवारीत ऊन कललं की हवा एकदम पातळ होते, त्यामुळेही असेल. पण ती जागा मी अजूनही बोट ठेवून दाखवू शकते.

तालोआ हा देश नकाशात शोधायचा तर आधी समुद्र शोधावा लागतो आणि मग चष्मा. पॅसिफिकमधली मूठभर बेटं, त्यातलं सगळ्यात मोठं बेटसुद्धा आमच्या इथल्या एखाद्या मॉलच्या पार्किंगपेक्षा थोडंच मोठं असेल, असं मी एकदा म्हणाले तेव्हा बाबांनी मला खरोखर रागावून पाहिलं होतं. कारण तालोआची इथली एम्बसी म्हणजे बाबाच. डीक्यूमध्ये, म्हणजे सगळ्या देशांच्या एम्बश्या एका कुंपणात राहतात त्या वस्तीत, एका बड्या देशाच्या उंच भिंतीला टेकून एक दुमजली बंगला आहे. वर साहेब राहतात, खाली ऑफिस. अख्ख्या सौदीत तालोआची माणसं म्हणजे साहेब, साहेबांच्या मिसेस आणि एक सेकंड सेक्रेटरी, असं निदान आम्ही समजत होतो. बाकी सगळे बाबा. झेंडा चढवणारे बाबा, पाण्याच्या टाकीवाल्याशी हिंदीत भांडणारे बाबा, मंत्रालयाला पत्रं लिहिणारे बाबा. त्या पत्रांची एक गंमत असते. गटार तुंबल्याची तक्रार असली तरी सुरुवात अशी करायची की तालोआचा दूतावास सादर अभिवादन करतो, आणि शेवटी पुन्हा एकदा अत्युच्च आदर व्यक्त करायचा. मध्ये गटार. आमच्या घरात तो जोक कायमचा राहायला आला होता. बाबा दारात उभे राहून म्हणायचे, "तुझ्या बापाचा दूतावास सादर अभिवादन करून कळवतो की मोबाईल खाली ठेवावा." मी आतून ओरडायचे की विनंती पोचली, विचाराधीन आहे. आई म्हणायची, दोघांचा एकच कारखाना. आणि मला ते फार आवडायचं, एकच कारखाना असणं.

आमचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, त्या एम्बसीवर आहे. हे मला लहानपणी कुणी समजावून सांगितलं नव्हतं, पण इथल्या मुलांना ते चालायला शिकावं तसं आपोआप येतं. कुणाचा बाप कुणावर आहे. माझ्या वर्गातल्या ईशाचे बाबा बँकेवर आहेत, आमच्या वरच्या मजल्यावरचे डॉक्टर सरकारी हॉस्पिटलवर आहेत आणि आम्ही तालोआवर आहोत. साहेबांचं मन फिरलं की खलास, पेट्या भरायच्या, आणि माझी बारावी, डिबेटची टीम, ईशाबरोबरचा शेवटचा बाक, सगळं मलझमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीवरच्या खिळ्यासारखं राहून जाणार. म्हणून मी बाबांचं म्हणणं समजू शकते. समजू शकते, हे वाक्य मी त्या दिवसापासून स्वतःला इतक्यांदा म्हटलंय की ते आता गुळगुळीत झालंय, साबणाच्या शेवटच्या तुकड्यासारखं, हातात धरायला गेलं की सटकतं.

कारण बोलायला मला शिकवलं तेच मुळी बाबांनी. आज माझा आवाज शाळेच्या दुसऱ्या इमारतीत ऐकू जातो, आई म्हणते हिचं बंद करायचं बटण कंपनीनं दिलंच नाही, पण नववीपर्यंत मी घुमी होते. टीचरनं नाव घेतलं की माझे कान तापायचे, येत असलेलं उत्तर घशात आडवं व्हायचं. घरीसुद्धा आई मराठीत एवढं मोठं विचारायची आणि मी इंग्रजीत एका शब्दात सुटका करून घ्यायचे. मग तालोआचा राष्ट्रीय दिन आला. अंगणात पार्टी, मोठमोठ्या देशांचे ॲम्बॅसेडर रांगेनं येऊन हात मिळवणार, आणि दारात शिंपल्यांच्या माळा घालायला तालोआचं एकही मूल नाही, कारण साहेबांची मुलं न्यूझीलंडला शिकतात. बाबांना ते लागलं. एम्बसीचं काही कमी दिसलं की त्यांना स्वतःच्या शर्टाचं बटण तुटल्यासारखं वाटतं. घरी येऊन म्हणाले, "सुरू, तू उभी राहा. काही बोलायचं नाही, नुसत्या माळा घालायच्या. मी मागेच आहे." आईनं बत्हाच्या बाजारातून जास्वंदीच्या फुलांचं कापड आणून झगा शिवला, केसांत प्लास्टिकचं फूल खोचलं, आणि मी आरशात पाहिलं तर तिथं दुसरीच कुणीतरी होती. सावळी, ताठ, दात दाखवून हसणारी. साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, अगदी आमच्याकडची दिसते. त्या वर्षी मी नुसत्या माळा घातल्या. पण एका बाईंनी वाकून विचारलं, घराची आठवण येते का, आणि माझ्या तोंडून, माझ्या, अगदी सहज निघालं, "समुद्राची येते." बाबा मागेच होते. त्यांनी माझा खांदा हलकेच दाबला. सुरुचीला जे बोलता येत नव्हतं ते तालोआच्या मुलीला येत होतं, आणि हळूहळू ती मुलगी झगा उतरवल्यावरही माझ्यात राहायला लागली. तिनंच शाळेत भाषणाला नाव दिलं. तिनंच डिबेटमध्ये समोरच्या मुलाला इतकं निरुत्तर केलं की तो पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही. मला वाटायचं, हे सगळं माझ्यात होतंच, बाबांनी फक्त झाकण काढलं.

या वर्षी बाबांनी ठरवलं की गाणंही व्हायला हवं. राष्ट्रगीत तिथल्या भाषेत, मुलीच्या आवाजात. सेकंड सेक्रेटरीनं मोबाईलवर पहिलं कडवं गाऊन पाठवलं, ते मी दोन दिवसांत पाठ केलं आणि मला वाटलं संपलं. पण आम्ही माड आणायला चाललो होतो तेव्हा गाडीत बाबांनी दुसरंच काहीतरी लावलं. माड म्हणजे प्लास्टिकचे. रियाधमध्ये रस्त्याच्या दोन्ही कडांना खरी झाडं असतात, पण ती खजुराची, आणि बाबांना हवे होते नारळाचे, म्हणून अल सुलैला गोदामांच्या रांगेत इस्मतभाई नावाचे एक पाकिस्तानी आहेत, लग्नाच्या मांडवाचं सामान भाड्यानं देतात, त्यांच्याकडे निघालो होतो. गाडीत एक जुनं, खरखरीत रेकॉर्डिंग वाजत होतं. बायका गात होत्या, मागे वाऱ्याचा आवाज होता. बाबांनी ते कुठून शोधून काढलं कोण जाणे. म्हणाले, "हे दुसरं कडवं. समारंभात कुणी म्हणत नाही. पहिलं कडवं कुणालाही येतं गं. दुसरं येणारी तिथलीच असते." त्यात एकेका बेटाचं नाव घेतात, नाव घेतलं की सूर थोडा वर जातो आणि लाटेसारखा परत येतो. सुलैपर्यंत आणि सुलैहून परत, येताना पिकअपमध्ये आमच्या मागे सहा माड आडवे पडून पानं फडफडवत होते, आणि बाबा आणि मी ते कडवं म्हणत होतो. एका बेटाच्या नावापाशी ते दर वेळी चुकायचे, सूर वर न्यायच्या ऐवजी खाली न्यायचे, मी दर वेळी थांबवून दुरुस्त करायचे आणि ते स्टिअरिंगवरून हात उचलून कान पकडायचे. इस्मतभाईंनी दोर बांधता बांधता विचारलं होतं, साहब, किस की शादी है. बाबा म्हणाले होते, एक मुल्क की. मी इतकी हसले होते की मला उचकी लागली.

ते चुकायचे ते नाव ओलेवा. घरी आल्यावर बाबांनी एम्बसीतून आणलेला नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, आणि म्हणाले, या वर्षी लोक नुसतं गाणं ऐकून सोडणार नाहीत, विचारतील कुठली तू. राजधानीचं बेट सांगू नकोस, तिथं कुणी ना कुणी गेलेलं असतं, पुढचं विचारतील. एखादं लांबचं हवं. त्यांचं बोट पाण्यावरून फिरत फिरत एका ठिपक्यावर थांबलं. "ही बघ तुझी ओलेवा. किती छान नाव आहे. कोण जातंय तपासायला." मी विचारलं, खोटं नाही का होणार. आई तेव्हा अळूच्या पानांचे देठ काढत होती, तिनंही वर पाहिलं. बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, नाटकात काम करणारा खोटं बोलतो का? तिथं साहेबांचा मान राहतो, पाहुण्यांना बरं वाटतं, कुणाचं नुकसान आहे यात, सांग. आणि मग ते नेहमीचं, "मी मागेच आहे." मला आता वाटतं की प्रश्न मी बरोबर विचारला होता. उत्तर मात्र मी ऐकलंच नाही, मी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

कार्यक्रम गुरुवारी दुपारी होता. अंगणात प्लास्टिकचे माड, वर खरं आकाश, टेबलावर आईनं केलेलं तालोआचं जेवण. तिकडे अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवतात हे बाबांनी व्हिडिओत पाहिलं तेव्हा वेंगुर्ल्याच्या माझ्या आईला हसूच आलं होतं, म्हणाली, म्हणजे आमचीच मेली. तरी तिनं हिंग घालायचा मोह आवरला होता. मिरचीचा नव्हता आवरला. मी पहिलं कडवं म्हटलं, लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले, आणि मी दुसरं सुरू केलं. तेव्हा साहेबांकडे माझं लक्ष गेलं असतं तर कदाचित मी थांबले असते. पण मी वर बघत होते, बड्या देशाच्या भिंतीवरच्या काटेरी तारेपलीकडे, आणि माझा आवाज मला स्वतःला इतका आवडत होता की मला दुसरं काही दिसत नव्हतं. मग थाळी घेऊन पाहुण्यांत फिरले. कुठली तू? ओलेवाची. किती गोड. ओलेवा कशी आहे? छोटी आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, आजी दारात बसून जाळं विणते. आजी मी तिथल्या तिथं तयार केली, बाबांनी नव्हती दिली. मी उत्साहात होते. तेवढ्यात गर्दीतून एक बाई आली. रुंद, सावळी, नर्सचे पांढरे बूट घातलेली, अबाया घाईत काढून हातावर घेतलेली. तिचं नाव सेलीना हे मला नंतर कळलं. अल खर्जच्या एका हॉस्पिटलमध्ये ती नुकतीच लागली होती, एम्बसी आहे हे तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि सुट्टी मागून, टॅक्सी करून ती अचानक येऊन ठेपली होती, बाबांच्या कुठल्याच आमंत्रणात नसलेली. ती माझ्यासमोर उभी राहिली, तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि बोलायला लागली. त्यांच्या भाषेत. धबधब्यासारखं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मला एकच शब्द ओळखीचा लागला, ओलेवा. तो तिच्या तोंडात माझ्यापेक्षा कितीतरी वेगळा होता, ओला.

मी काय करावं? मला त्या भाषेतलं फक्त एक गाणं येत होतं. मी गायला लागले. ती बोलून थांबली, उत्तराची वाट बघत, आणि मी तिच्या तळहातांच्या मध्ये माझा चेहरा तसाच ठेवून हळू आवाजात दुसरं कडवं म्हणायला लागले. एक ओळ होईपर्यंत ती हसत होती. दुसऱ्या ओळीला तिचं हसू राहिलं, पण डोळे मागे सरकले. हात माझ्या गालांवरून निघाले. तोवर साहेब आले होते, आणि बाबाही, आणि नेहमीसारखा बाबांचा हात माझ्या खांद्यावर येऊन बसला. माझा जीव भांड्यात पडला. सेलीनानं आता इंग्रजीत विचारलं, अगदी हळू, "तू कुणाची गं?" हा तिकडचा पहिला प्रश्न असतो म्हणे. आईच्या गावीही हाच असतो, कोणाची गो तू, नाव नंतर. आणि मला उत्तर येत होतं. त्या सगळ्या दुपारी मला विचारलेला हा एकच प्रश्न असा होता ज्याचं खरं उत्तर मला येत होतं. मी मान वर करून म्हणणार होते, यांची. तेव्हा हात निघाला.

साहेबांनी सेलीनाला आत नेऊन बसवलं. जाताना ती आईच्या टेबलापाशी थांबली, अळूचं भांडं जवळ ओढून उभ्यानंच खायला लागली, तिखटानं नाक ओढत, शेवटचं पान संपेपर्यंत. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, तू गायलीस ते बरोबर गायलीस, आणि बूट वाजवत निघून गेली. घरी येताना गाडीत आई पुढे, मी मागे, मांडीवर ते रिकामं भांडं. केसांतलं फूल मला टोचत होतं आणि मी ते मुद्दाम काढत नव्हते. बाबांनी रेडिओ लावला, बंद केला. मला वाटलं, बाबा म्हणतील, आत्ता सिग्नलला म्हणतील, सुरू, चुकलं माझं, घाबरलो मी. दूतावास सादर अभिवादन करून, असंसुद्धा चाललं असतं. मी हसलेही असते. तहलिया रोडवर दिवे लागत होते, एका कॉफीच्या दुकानापुढे खुर्च्या मांडत होते. बाबा म्हणाले, उद्या माड परत करायचे आहेत. आईनं मागे वळून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "त्यांका तसा बोलूचाच लागला गो. घर चालवचा आसा." आई मालवणीत फक्त दोन वेळा बोलते, फार चिडली की आणि फार लाजली की. ती चिडलेली नव्हती.

शनिवारी आईनं धुऊन वाळत घातलेला झगा खिडकीत हलत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. माझ्या डोक्यात बाबांचीच पत्रं चालू होती. उमाकांत हे आपली कन्या सुरुची हिला सादर अभिवादन करतात, आणि कळवतात की सदर प्रकरणाची त्यांना काहीही कल्पना नव्हती, आणि या निमित्तानं पुन्हा एकदा अत्युच्च आदर व्यक्त करतात. मध्ये गटार. मला राग यायला हवा होता आणि तो येतही होता, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी यायचं, एक मूर्ख हिशेब, की मागच्या वेळी त्यांनी खांदा दाबला होता तेव्हाही काढता येईल असाच ठेवला होता का तो हात? नववीतही? म्हणजे मी ज्याला टेकून उभी राहायला शिकले ती भिंत होती की प्लास्टिकचा माड? रविवारी शाळेत डिबेटच्या तासाला माझी पाळी आली, विषय सोपा होता, मी उभी राहिले आणि नववीतला तो ताप कानांत परत आला. फक्त एक क्षण. मग मी बोलले, चांगलं बोलले, ईशानं बाकाखाली अंगठा दाखवला. पण बोलताना मी सगळा वेळ स्वतःच्या मागे कुणी नाही हे ऐकत होते.

त्याच दुपारी बाबा मला शाळेतूनच परस्पर एम्बसीत घेऊन गेले. साहेबांनी बोलावलंय, एवढंच म्हणाले. वाटेत त्यांनी मला संत्रं सोलून दिलं, सिग्नलला थांबून थांबून, शिरा काढून, लहानपणी द्यायचे तसं. काय सांगायचं हे त्यांनी सांगितलं नाही. मी वाट बघत होते की सांगतील, निदान विचारतील. साहेबांच्या खोलीच्या दाराला दुधी काच आहे, तिच्यापलीकडे बाबांची आकृती फाईल घेऊन उभी होती, नेहमीसारखी थोडी वाकलेली. साहेब मोठ्या अंगाचे आणि हळू बोलणारे. त्यांनी मला बिस्किटं दिली आणि ओलेवाचं सांगितलं. तिथल्या विहिरींत समुद्र शिरला. आधी खारट, मग झाडं गेली, मग सरकारनं जहाज पाठवलं आणि सगळी माणसं दुसऱ्या बेटावर नेली. निघताना किनाऱ्यावर बायकांनी दुसरं कडवं म्हटलं, कारण त्यात ओलेवाचं नाव आहे. त्यानंतर ते समारंभात म्हणायचं नाही असं ठरलं. ज्या बेटावर कुणी राहिलं नाही त्याचं नाव पाहुण्यांसमोर कुठल्या तोंडानं घ्यायचं? सेलीना त्या जहाजात होती, तुझ्याएवढी असताना. म्हणजे गाडीत ऐकलेला तो वारा, त्या बायका. मी बिस्कीट खाली ठेवलं. साहेब रागावलेले नव्हते, तेच वाईट होतं. ते टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "आमच्या सेक्रेटरीनं तुला एकच कडवं दिलं होतं. दुसरं तुला कुणी शिकवलं?"

काचेपलीकडची आकृती हलली नाही. मला माहीत होतं की मी एक शब्द बोलले, आणि तो शब्द खरा आहे, तर या वर्षीच्या उन्हाळ्याच्या आत आमच्या पेट्या भरल्या जातील. आणि मला हेही दिसलं, तेव्हाच, त्याच खुर्चीत, की आकृतीला भीती वाटत नाहीये. घाबरलेले बाबा मला ठाऊक आहेत, ते एका पायावरून दुसऱ्या पायावर जातात, पेनाचं टोपण काढतात, लावतात. काचेतली आकृती स्वस्थ होती. त्यांनी मला काही पढवलं नव्हतं कारण पढवायची गरजच त्यांना वाटली नव्हती. संत्रं सोलून दिलं की झालं. मी साहेबांकडे सरळ पाहिलं, दात दाखवून नाही, माझ्याच तोंडानं, आणि म्हणाले, "मी स्वतःच शिकले. मोबाईलवर सापडलं होतं. बाबांना काहीच माहीत नव्हतं." कान तापले नाहीत. आवाज अजिबात हलला नाही. इतकी चांगली मी कधीच बोलले नव्हते. साहेब म्हणाले की तुझे वडील फार भरवशाचे गृहस्थ आहेत. मी म्हटलं, हो.

गाडीत बसल्यावर बाबांनी मोठा श्वास सोडला, शर्टाचं वरचं बटण काढलं, माझ्या केसांवरून हात फिरवला. म्हणाले, "शाबास राजा. मला माहीत होतं, तू सांभाळून घेशील." मी पट्टा लावला. डीक्यूच्या नाक्यावरचा पोलीस बाबांना ओळखतो, त्यानं यल्ला यल्ला करत हात हलवला, बाबांनी त्यालाही ते हसू दिलं, आणि आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. ऊन समोरून येत होतं. दोन्ही बाजूंनी खजुराची झाडं, धुळीनं राखाडी, खरी. बाबांचं ओझं उतरलं होतं हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा खिडकीवर ताल धरत. थोड्या वेळानं ते गुणगुणायला लागले. आपण काय गुणगुणतोय हे त्यांच्या लक्षात नसावं. दुसरं कडवं होतं. सगळं पाठ होतं त्यांना, एकेक बेट, ओळीनं, वर जाणारा आणि परत येणारा सूर, मी सुलैच्या रस्त्यावर शिकवला होता तसाच. ओलेवा आलं, आणि ते नेहमीसारखे चुकले, वर जायच्या ऐवजी खाली गेले. सवयीनं क्षणभर थांबले. मी बाहेर बघत राहिले. मग ते चुकलेल्याच सुरात पुढे गेले.